पुन्हा दुसरं वर्ष

“गोपाल, तुले आज अमरावतीले जा लागते ना बावा?” चंपतनं विहिरीच्या काठावरून विचारलं.

गोपालनं मान वर केली नाही. विहिरीतून ओढून काढलेली मोटार वांग्याच्या वाफ्याशेजारी पोत्यावर आडवी पडली होती आणि तो पान्यानं तिचा एकेक बोल्ट सैल करत होता.

“होते एवढ्यात,” तो म्हणाला.

“अरे, मोटार काय पयून जाते? उद्या कर. वांगे एका दिवसानं मरत नाईत.”

“जळाली का नाई, एवढं तं पाहू दे.”

जळाली होती हे वासावरून चंपतलाही कळलं होतं. मोटार दुकानात न्यायची, तार नव्यानं भरायची, एवढंच काम होतं आणि ते उद्यावर सहज गेलं असतं. तरी गोपाल बोल्ट काढत होता, काढलेला बोल्ट फडक्यानं पुसत होता आणि पुसलेला बोल्ट झाकणात नीट मांडून ठेवत होता. खिशातला फोन वाजून वाजून थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

“उचल ना,” चंपत म्हणाला.

“हात तेलाचे हाय.”

सकाळी घरातून निघताना त्यानं बायकोला सांगितलं होतं, “चंपतकाकाची मोटार बंद पडली. पाहून येतो, मंग निघू.” निकिता तेव्हा आरशासमोर केसांना पिन लावत होती. “आजच?” एवढंच ती म्हणाली. “आलोच,” म्हणून तो बाहेर पडला होता. खरं तर चंपतनं त्याला आज बोलावलंच नव्हतं. ‘सवडीनं ये’ असा निरोप परवाचा होता.

गोपालचं अनसिंगच्या बसस्टँडजवळ मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. घरची थोडी जमीन होती, त्यात भाजीपाला व्हायचा. तो भाजीपाला त्याची आई प्रयागबाई वाशिमच्या बाजारात नेऊन विकायची. वडील उकंडराव लकव्यानं अंथरुणाला खिळले आणि काही वर्षांनी गेले. त्याआधी गोपाल अकोल्याला इंजिनिअरिंग शिकत होता, इलेक्ट्रिकल शाखेला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं की पोरगं हुशार होतं, पण बापाच्या आजारपणानं त्याचं शिक्षण सुटलं. दुकानात बसलेल्या माणसानं विषय काढला की गोपाल तार गुंडाळता गुंडाळता म्हणायचा, “दुसऱ्या वर्षापर्यंत होतो मी. मंग बाबाचं असं झालं.” ऐकणारा हळहळायचा. ती हळहळ गोपालला आवडत असे.

लग्न ठरलं तेव्हा निकिता पहिल्या वर्षाला होती. मानोऱ्याकडची पोरगी, वाशिमजवळच्या एका खासगी कॉलेजात, इलेक्ट्रिकललाच. ‘बायको इंजिनिअर होऊन राह्यली’ हे सांगताना त्याची छाती फुगायची. लग्नानंतरही ती रोज बसनं कॉलेजला जात राहिली. पहिल्या वर्षी तिचे तीन विषय राहिले. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती, आणि गोपालनं तिच्यासाठी स्टँडवरून गरम भजी आणली, तिचे डोळे पुसले, रात्रीचा भात स्वतः लावला. “होते असं. लय कठीण असते ते. मले मालूम हाय ना,” तो म्हणाला होता. ती नापास झाली की तो फार चांगला नवरा होत असे. हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं नव्हतं. निकिताच्या आलं होतं.

पुढे तिनं राहिलेले विषय सोडवले, रडतखडत दुसरं वर्षही पार केलं, आणि तेवढ्यात कॉलेजनं इलेक्ट्रिकल शाखाच बंद केली. मुलं मिळत नव्हती. उरलेल्या मुलांना सांगण्यात आलं, दुसरीकडे बदली करून घ्या. हुशार मुलं पटापट कुठे कुठे गेली. निकिताचा सीजीपीए होता दहापैकी पाच पॉइंट आठ.

“पाच आठवर कोण घेते तुले?” गोपाल म्हणाला होता. आवाजात काळजी होती. आत काय होतं ते वेगळं होतं. त्याचा स्वतःचा पहिल्या वर्षाचा आकडा सात पॉइंट दोन होता. गेली कित्येक वर्षं तो आकडा कोणी विचारला नव्हता आणि त्यालाही कधी सांगावासा वाटला नव्हता. आता मात्र जेवताना, गाडी चालवताना, तार गुंडाळताना तो आकडा मनात यायचा. सात दोन. हिच्यापेक्षा कितीतरी जास्त.

अमरावतीला विद्यापीठाच्या विभागात इलेक्ट्रिकलच्या काही जागा रिकाम्या होत्या. गुण कमी असलेल्यांनाही अर्ज करता येत होता, फक्त त्यांना प्राध्यापकांच्या समितीसमोर बसून उत्तरं द्यावी लागणार होती. त्यासाठीच आज बोलावलं होतं. ही बातमी निकितानं शोधून काढली. आणि प्रयागबाई, जिनं कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, ती सुनेच्या मागे अशी उभी राहिली की गोपाल बघतच राहिला. सकाळची भाकरी तिनं स्वतःकडे घेतली. भाजी निवडायला निकितानं हात लावला तर ती म्हणे, “ठेव ते. तुयं वाचणं होऊ दे पयले.” शेजारच्या धुरपताबाईला ओट्यावर बसून सांगे, “अमरावतीले राह्यली तं राह्यली. मी हाय ना घर पाह्यले.”

हे ऐकताना गोपालच्या छातीत काहीतरी खरवडल्यासारखं व्हायचं. मी हाय ना घर पाह्यले. हे वाक्य आईनं त्याला कधी म्हटलं नव्हतं.

एकदा संध्याकाळी निकिता वही घेऊन त्याच्याजवळ आली. गणिताचा तिसरा पेपर, ज्याला सगळी पोरं एम-थ्री म्हणतात, त्यातलं एक उदाहरण अडलं होतं. तो खूश झाला. हात धुऊन बसला. पहिल्या तीन पायऱ्या सरसर उतरल्या. चौथीला गाडी अडली. त्यानं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेवटी म्हणाला, “पुस्तकातलं उत्तरच चुकीचं छापलं हाय.” निकितानं वही घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याच्यापुढे ठेवत ती म्हणाली, “ते उत्तर बरोबर हाय. तुमचं एक चिन्ह उलटं झालं होतं.” ती हसली नव्हती, टोमणाही नव्हता. तरी त्या दिवशी त्यानं दुकानातल्या कामाच्या पोराला विनाकारण झापलं, आणि त्यानंतर निकितानं त्याला काही विचारलं नाही.

मोटारीची बॉडी उघडली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आतली तार काळी पडलेली होती.

“जळाली,” गोपाल म्हणाला.

“मी सकायीच सांगतलं तुले,” चंपत म्हणाला, आणि मग “जाय आता घरी,” असं हळूच म्हणाला.

घराला बाहेरून कडी होती. ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या धुरपताबाईनं त्याला पाहिलं आणि तिनंच सांगितलं.

“गेल्या त्या. तुयी बायको आन माय. वाशिमवरून अमरावतीची गाडी धरतो म्हणे.”

“माय गेली?”

“हो ना. पोरगी दारात उभी राहून फोन लावून राह्यली, लावून राह्यली. मंग प्रयाग म्हणे, चाल, मी येतो तुयासंगं. लुगडं बदललं, भाकरी बांधली आन निंघाल्या.”

गोपाल कडी काढून आत गेला. चुलीजवळ त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं. पोळ्या, वांग्याची भाजी, चिरलेला कांदा. रागानं काही टाकून गेल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. तो ताटापुढे बसला आणि ते त्यानं पुन्हा झाकून ठेवलं. आपण येणार नाही हे त्या दोघींनी गृहीत धरलं होतं. त्याच्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. त्यानं हातपाय धुतले, शर्ट बदलला आणि मोटारसायकल बाहेर काढली.

मंगरूळपीर गेलं, कारंजा गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन गुडघ्याला लागलं होतं. पावसानं आठवडाभर दडी मारली होती आणि ट्रकच्या मागून धूळ उडत होती. धनजला तो चहासाठी थांबला. फोन लावला तर निकिताचा बंद. म्हणजे ती आत गेली असणार.

चहाचा ग्लास हातात धरून तो बाकावर बसला, आणि आपण सबंध रस्ता काय करत आलो ते त्याला कळलं. तो तिची समजूत घालायची वाक्यं जुळवत आला होता. ‘जाऊ दे. आपल्यासारख्याले घेत नाईत ते लोकं.’ ती रडत बाहेर येईल, तो तिच्या पाठीवर हात ठेवेल, बाहेरच्या गाड्यावर तिला उसाचा रस पाजेल, आईला म्हणेल, तिले काही बोलू नोको आता. मग तिघं घरी येतील. संध्याकाळी तो भात लावेल. हे सगळं त्यानं इतकं बारकाईनं मनात रंगवलं होतं की रसाच्या गाड्याची घंटाही त्याला ऐकू येत होती. आणि ते रंगवताना त्याला बरं वाटत होतं.

चहा अर्धा टाकून तो उठला. परत फिरावं असं एकदा मनात आलं. मोटारसायकलचं तोंड मात्र त्यानं अमरावतीकडेच ठेवलं.

विद्यापीठाच्या आवारात विभाग शोधायला त्याला तिघांना विचारावं लागलं. तिसरी एक पोरगी होती, कानात हेडफोन घातलेली. तिनं बोटानं दाखवलं आणि चालत राहिली. इमारतीच्या व्हरांड्यात भिंतीला लागून सिमेंटचा बाक होता. त्यावर प्रयागबाई पाय वर घेऊन बसली होती, चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या. मांडीवर भाकरीचं फडकं होतं. शेजारच्या मुलाला ती शेंगदाण्याची चटणी देत होती.

गोपालला पाहून ती दचकली नाही.

“आला का? भाकर खाय.”

“निकिता?”

“आत गेली आताच. लय पोरं होते पयले. ह्या पोराचं झालं, याले नाई घेतलं.” तो मुलगा कसनुसं हसला, चटणीचं बोट चाटलं आणि उठून गेला.

गोपाल आईशेजारी बसला. समोरच्या दारावर विभागप्रमुखांच्या नावाची पाटी होती. दार बंद होतं. आतून पंख्याची घरघर येत होती आणि मधूनच पुरुषाचा आवाज. निकिताचा आवाज येत नव्हता.

“चंपतची मोटार झाली का?” प्रयागबाईनं विचारलं.

“नाई.”

“मंग एवढा येळ काय करत होता?”

ती फडक्याची गाठ मारत होती आणि ती गाठ मारणारी बोटं बघता बघता त्याच्या तोंडून निघून गेलं, “माय, एक सांग मले. मले काहून नाई म्हटलं तू असं?”

“कसं?”

“जाय म्हणून. शिक म्हणून. हिच्यासंगं गाड्या बदलून अमरावतीले आली तू. हिले म्हणते, मी घर पाहतो. मले काय म्हटलं होतं? राहू दे आता, घरी थांब. माये सात पॉइंट दोन होते माय. हिचे पाच आठ हाय. माये सात दोन होते!”

आवाज वाढला होता. व्हरांड्यातल्या शिपायानं वळून पाहिलं. प्रयागबाई मुलाच्या तोंडाकडे बघत होती. सात आणि पाच यांत काय आहे ते तिला कळलं नव्हतं, पण बाकीचं सगळं कळलं होतं.

“मी म्हटलं, थांब म्हणून?”

“नाई म्हटलं?”

“म्हटलं असंन.” तिनं जरा विचार केला. “पण तू बॅग घेऊन आला, त्याच्या मांगून म्हटलं. पयले नाई म्हटलं.”

“बाबाले लकवा झाला म्हणून आलतो ना मी.”

“नाई बाप्पा,” प्रयागबाई शांतपणे म्हणाली. “तुया बापाले पोळ्याच्या मांगून झालं. बैल धुतले होते त्यानं त्या पोळ्याले, तूच तं होता संगं. तू पोळ्याच्या लय आधी आलता. बॅग आणली, गादी आणली, सारं आणलं. मी म्हटलं, काय झालं? तू म्हणे, काई नाई. जेवला आन निजला तो दिवस बुडेस्तोवर निजला. किती महिन्यांनी पोरगं असं निजलं, म्हटलं. मी तं आंगणात कोंबड्यायले बी आवाज करू देला नाई.” तिनं फडकं मांडीवरून बाजूला ठेवलं. “मले वाटलं, सुटलं पोरगं एकदाचं. तुले तेच पाह्यजे होतं, असं वाटलं मले. मंग तुया बापाचं झालं. मंग मी म्हटलं, थांब.”

गोपालला ती दुपार आठवली. निकाल आला होता. चार विषय गेले होते आणि वर्ष वाया गेलं होतं. मागच्या वर्गातली, आपल्याहून लहान पोरं येतील आणि त्यांच्यासोबत त्याच बाकांवर पुन्हा बसावं लागेल, ह्या एका विचारानं त्यानं खोली रिकामी केली होती. ती गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नव्हती. वडिलांचा आजार नंतर आला आणि मग सगळीकडे तोच सांगितला गेला. पाच-सहा वर्षं सांगता सांगता पोळा कधी आधी गेला आणि बॅग कधी नंतर आली, ते त्याचं त्यालाही उरलं नव्हतं.

“मंग लोकायले बाबाचं काहून सांगत होती तू?”

“मी कुठी सांगतलं? तू सांगत होता. मी खोडलं नाई फक्त.” तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लगेच उचलूनही घेतला. “त्यानं काय बिघडते, म्हटलं.”

दार उघडलं. निकिता बाहेर आली.

ती रडत नव्हती. हसतही नव्हती. ओढणीच्या टोकानं तिनं ओठांवरचा घाम पुसला, बाकावर गोपाल बसलेला पाहिला आणि एक क्षण थबकली. मग ती सासूकडे वळली.

“काय म्हणे?” प्रयागबाई उभी राहिली.

“घेतो म्हणे.” निकितानं श्वास सोडला. “पण तिसऱ्या वर्षात नाई. म्हणे, तुमचा पाया कच्चा हाय. पुन्हा दुसऱ्या वर्षात बसा लागन. सारे पेपर पुन्हा.”

“मंग तू काय म्हटलं?” हे गोपालनं विचारलं.

“मी म्हटलं, बसतो.”

“लगेच म्हटलं?”

“त्यात काय विचार करा लागते? पाया कच्चा तं हायच.” ती बाकावर टेकली आणि तिनं प्रयागबाईच्या हातातली पाण्याची बाटली तोंडाला लावली. “त्यायनं विचारलं, गुण एवढे कमी काहून? मी म्हटलं, पयल्या वर्षी मले काईच समजत नोतं आन विचाराची लाज वाटे. मंग एका सरानं फळ्यावर उदाहरण देलं. अर्धं आलं, अर्धं नाई आलं. मी सांगतलं, याच्यापुढं मले येत नाई. तं ते म्हणे, ठीक हाय.”

“एक वर्ष वाया जाईन तुयं,” गोपाल म्हणाला. “तुया संगची पोरं तुया पुढं जातीन.”

“जाऊ द्या ना,” निकिता म्हणाली.

इतक्या सहज. जणू बस चुकली आणि दुसरी येणार होती. ती पास झाली असती, सगळ्यांत पहिली आली असती, तर गोपालनं सोसलं असतं. पण जी गोष्ट त्याला इतकी भयंकर वाटली होती की तिच्यापायी त्यानं गाशा गुंडाळला, ती हिनं बंद दारामागे तीन परक्या माणसांसमोर मान डोलावून उचलून घेतली होती आणि वर पाणी पीत होती. त्याला तिचा इतका हेवा वाटला की क्षणभर डोळ्यांपुढचा व्हरांडा पुसट झाला.

“माया विषय निंघाला काय आत?” त्यानं विचारलं.

निकितानं बाटलीचं झाकण लावलं. तिला प्रश्नच कळला नाही.

“तुमचा? तुमचा कायले निंघन?”

परतताना प्रयागबाई मोटारसायकलवर तिघं बसायला तयार झाली नाही. त्या दोघी बसनं आल्या. गोपाल एकटाच गाडी चालवत आला आणि त्यांच्या आधी पोचला. त्यानं दुसऱ्या दिवशी चंपतची मोटार भरून दिली. गावात निकिताचं कौतुक झालं. दुकानात आलेला मदनसिंग म्हणाला, “भाऊ, तुयं राह्यलं ते बायको पुरं करते मंग.” गोपालनं “हो ना,” म्हटलं आणि तारेचं बंडल शोधायला आत गेला. बंडल त्याच्या पायाशीच होतं.

जायच्या आदल्या संध्याकाळी निकिता कपडे घड्या घालून बॅगेत भरत होती. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. दोनदा आत आला, दोनदा बाहेर गेला. मग म्हणाला, “बाबाच्या आजारानं नाई सोडलं मी.”

निकितानं हातातली घडी पूर्ण केली.

“चार विषय गेलते माये,” तो म्हणाला. “पुन्हा बसा लागत होतं. नाई बसलो.”

“बाबाचा आजार मांगून आला, ते मायनं गाडीतच सांगतलं मले, येतानी,” निकिता म्हणाली. त्याच्याकडे न बघता ती ओढण्या एकावर एक ठेवत होती. “आन त्या दिवशी तुमी मोटार कायले पाह्यले गेले, ते मले त्या दिवशीच समजलं होतं.”

त्याला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल, भांडेल, आणि मग त्यालाही बोलता येईल. पण ती बॅगेवर गुडघा टेकवून चेन ओढत होती. चेन अडकली. त्यानं पुढे होऊन दोन्ही बाजू दाबून धरल्या, तिनं ओढली आणि बॅग बंद झाली.

“तुमाले बी अजून बसता येईन पुन्हा,” ती उठताना म्हणाली. “कोणी मना केलं हाय?”

ती खरंच म्हणत होती. तिच्या तोंडावर दया नव्हती, शहाणपण नव्हतं. तरी ते त्याला टोचलं. तिच्याकडे आता इतकं होतं की त्यातलं थोडं तिला दुसऱ्याला देताही येत होतं.

“आता काय,” म्हणून तो हसला आणि अंगणात गेला.

मुलींच्या वसतिगृहात पुरुषांना फाटकाच्या आत जायची परवानगी नव्हती. निकिता बॅग घेऊन आणि प्रयागबाई गादीची वळकटी खांद्यावर टाकून आत गेल्या. चौकीदारानं गोपालला बाजूला उभं राहायला सांगितलं. तिथे आधीच बरेच वडील उभे होते, पिकल्या केसांचे, घाम पुसणारे, वरच्या खिडक्यांकडे बघणारे. त्यांच्यामध्ये तो जाऊन उभा राहिला. वर तिसऱ्या मजल्यावर कोणत्या तरी मुली मोठ्यानं हसत होत्या. त्यांत निकिता असेल का, ते त्याला ओळखू आलं नाही. तिचं मोठ्यानं हसणं त्यानं फारसं ऐकलंच नव्हतं.

शेजारच्या गृहस्थानं विचारलं, “पोरगी कितव्या वर्षाले हाय?”

“बायको हाय मायी,” गोपाल म्हणाला.

गृहस्थानं त्याच्याकडे नीट पाहिलं. “अरे वा! आन तुमी? तुमी काय शिकले?”

‘दुसऱ्या वर्षापर्यंत होतो. मंग बाबाचं असं झालं.’ वाक्य तोंडात तयार होतं. वर्षानुवर्षं तेच यायचं, आपोआप. गोपालनं ओठ मिटून घेतले आणि मग म्हणाला, “मी बी हेच शिकत होतो. नापास झालो आन सोडून देलं.”

“अस्सं,” गृहस्थ म्हणाला. तो हळहळला नाही. त्यानं मान डोलावली आणि पुन्हा खिडक्यांकडे बघू लागला.

तेव्हा गोपालच्या लक्षात आलं की बादली त्याच्याच हातात राहिली आहे. नवी, निळी, प्लास्टिकची. आत मग, साबण, कपडे धुवायचा ब्रश आणि प्रयागबाईनं कागदात बांधून दिलेला लसणाचा ठेचा. त्यानं चौकीदाराकडे पाहिलं. चौकीदारानं नकारार्थी मान हलवली. तेवढ्यात एक मुलगी फाटकातून आत चालली होती. गोपालनं तिला थांबवलं.

“हे वरती निकिताले द्याल का?”

“कोणत्या निकिताला, काका? दोन-तीन आहेत.”

काका. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्यानं बादली पुढे केली.

“दुसऱ्या वर्षाची,” तो म्हणाला. “इलेक्ट्रिकल.”

मुलगी बादली घेऊन आत गेली. कडीचा लाल वळ त्याच्या बोटांवर उमटला होता. तो चोळत गोपाल रस्त्यापलीकडच्या झाडाखाली गेला आणि मोटारसायकलला टेकून उभा राहिला, कारण माय अजून खाली उतरायची होती.